दोन बाळंतपणांचं पाणी

आमच्या इन्चार्ज सिस्टर सकाळी ड्युटीवर आल्या की आधी संडासात जायच्या. स्वतःसाठी नव्हे, बघायला. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, बाहेरच्या ओपीडीचा, असे सगळे संडास बघून झाले की मग एकेक नळ उघडायचा, पाण्याची धार किती आहे ते बघायचं, बंद करायचा आणि पुढच्या नळाकडे जायचं. हे सगळं झाल्यावर त्या टेबलाशी येऊन रात्रपाळीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती घ्यायच्या. मी नवीन होते, सांगलीला नर्सिंग करून नुकतीच लागले होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणाले की एक पेशंट सीरियस आहे, आधी तो बघा. त्यांनी पेशंट बघितला, सलाईन बघितलं, डॉक्टरांना फोन केला आणि पुन्हा राहिलेले नळ बघायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "आधी नळ, मग नाडी. आज उलटं झालं, रोज होता कामा नये."

दवाखाना माण तालुक्यात, म्हसवडच्या पुढे. मुरमाड रान, लांबवर मेंढरं, आणि उन्हाळ्यात टँकरवर जगणारी गावं. आपा (आम्ही सगळे त्यांना आपाच म्हणायचो) त्याआधी नऊ वर्षं पाचगणीला होत्या. तिथं चार महिने भिंतींना पाणी सुटतं, आणि इथं चार महिने नळाला पाणी नसतं. बदली झाली तेव्हा लोकांनी त्यांना ती रद्द करून घ्यायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या की पाचगणीत हात धुवायला कुणीही सांगेल, त्यात काय विशेष.

त्या मणियाराच्या घरातल्या. भावाचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं, आणि यांच्या हातात एकसुद्धा बांगडी नसायची. घड्याळही नाही. कोपरापर्यंत हात रिकामे. नव्यानं आलेल्या पेशंटच्या बायकांना वाटायचं, बिचारीचा नवरा गेला असणार. त्या हळहळायच्या आणि आपा ती हळहळ ऐकून घ्यायच्या. नवरा चांगला धडधाकट होता, शाळेत शिक्षक होता. मी एकदा विचारलं, सांगत का नाही. त्या म्हणाल्या, बांगडीखाली काय काय साठतं ते सांगत बसले तर बाई बाळंत होऊन घरी जाईल तरी माझं संपायचं नाही. पण बाळंतपणाला आलेल्या बाईचा हिरवा चुडा त्यांनी कधी उतरवायला लावला नाही. तो हळूच कोपराकडे सरकवून गॉजची पट्टी बांधायच्या. त्या बाईला तो चुडा कुणी भरला असेल, केव्हा भरला असेल, हे मणियाराच्या लेकीला सांगावं लागत नव्हतं.

आम्हा सिस्टरांचे हात मात्र त्या रोज बघायच्या. नखं वाढलेली दिसली की आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर काढून तिथंच उभ्या उभ्या कापायच्या, डॉक्टर समोर असले तरी. डॉक्टरांचीही एकदा कापली. हात धुतला म्हणालं की हाताचा वास घ्यायच्या. आम्हाला फार राग यायचा. आपसात आम्ही त्यांना 'पाणीखातं' म्हणायचो.

एक गोष्ट मात्र मला त्यांनी अशी शिकवली की नंतर कुठल्याही दवाखान्यात गेले तरी माझी नजर आधी तिकडेच जाते. बाळंतिणींच्या वॉर्डात बायका पाणी पीत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. तांब्या उशाशी भरलेला असायचा, आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला. आम्ही समजावून सांगायचो, पाणी प्या, दूध येईल, ताप येणार नाही. बायका माना हलवायच्या आणि ओठ ओले करून तांब्या खाली ठेवायच्या. आपांनी कुणालाच काही समजावलं नाही. त्या म्हसवडला जाऊन एक कडी घेऊन आल्या. बायकांच्या संडासाला आतून कडीच नव्हती. बाहेर बाप्ये बसलेले असायचे, दार ढकललं की उघडायचं, म्हणून बायका जायचंच टाळायच्या आणि त्यासाठी पाणी टाळायच्या. कडी बसली, आत एक बल्ब लागला, एक झाकणाची बादली आली. आठवड्यात तांबे रिकामे व्हायला लागले. आपा म्हणाल्या, "बाई पाणी पिते का हे बघायचं असेल तर तिला विचारू नकोस. कडी बघ."

मोठे साहेब पाहणीला येणार होते तेव्हाची हकिकत अजून तालुक्यात सांगतात. येणार म्हणून दोन दिवस आधीपासून तयारी. पायऱ्या धुतल्या, अंगण धुतलं, फाटकाजवळच्या कुंड्यांना पाणी घातलं. हे सगळं टाकीतलं पाणी. आपांनी नको नको म्हणून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. साहेब आले त्या सकाळी नळ कोरडे. साहेबांचं स्वागत झालं, चहा झाला, आणि ते लेबर रूमकडे निघाले तेव्हा दारात आपा उभ्या होत्या. त्यांनी नमस्कार केला आणि साहेबांच्या तळहातावर बाटलीतला साबण ओतला. म्हणाल्या, आत जायचं तर हात धुवावे लागतात. साहेब बरे होते. त्यांनी हसून हात चोळले आणि बेसिनचा नळ फिरवला. नळ फुसफुसला. दुसरा फिरवला, तोही तसाच. साहेब साबणाचे हात पुढे धरून उभे, त्यांच्या मागे पंधरा माणसं उभी. शेवटी ड्रायव्हर गाडीतली पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन आला. हात धुऊन झाल्यावर आपा एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडं बाटली होती."

त्यांना नोटीस आली. आणि पाच महिन्यांनी लेबर रूमसाठी वेगळी टाकीही आली. आपांनी दोन्हींची पोच दिली.

पण टाकी आली म्हणून पाणी येतंच असं नाही. टँकर दोन-दोन दिवस यायचा नाही, तेव्हा लेबर रूममध्ये एक पिंप भरून ठेवलेलं असायचं. निळं प्लास्टिकचं, खाली तोटी असलेलं, बाहेरून पाण्याची पातळी दिसायची. त्या पिंपावर आपांनी भावाच्या दुकानातलं लाल नेलपेंट आणून रेघा मारल्या होत्या. दोन रेघांमधलं पाणी म्हणजे एक बाळंतपण. त्यात हात धुणं आलं, बाईला स्वच्छ करणं आलं, टेबल पुसणं आलं, सामान धुणं आलं. याहून कमी पाण्यात बाळंतपण करायचं नाही. भिंतीवर एक रजिस्टर टांगलेलं होतं, त्यात दर बाळंतपणाआधी हात धुतल्याची सही करायची.

मी आता माझ्या गोष्टीकडे येते.

वैशाखातला दिवस होता. आपा पुतणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर होत्या. टँकर आला नव्हता आणि पिंपात दोन रेघांचं, म्हणजे दोन बाळंतपणांचं, पाणी होतं. लेबर रूमला मी आणि एक मावशी. सकाळी एक बाई आली, अकराच्या सुमाराला मोकळी झाली, एका रेघेचं पाणी गेलं. तिला हलवतोय तोवर दुसरी आली. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, नवरा फौजेत, तिकडे सीमेवर. बरोबर सासू. दिवस भरलेले, कळा जोरात, वेळ फार नव्हता.

मी पिंपाकडे बघितलं. एकच रेघ उरली होती. माझ्या मनात आलं, हे वापरलं आणि तिसरी आली तर काय करायचं. मी हातांवर सॅनिटायझर चोळलं, नवे ग्लोव्हज घातले. टेबल ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. माझ्या हातांवर घाम होता, आधीच्या बाळंतपणाचं काय काय होतं, आणि सॅनिटायझरनं ते जात नाही हे मला माहीत होतं. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. रजिस्टरवर मी सही केली.

मुलगी झाली, छान रडली. वार काढून झाल्यावर मी ग्लोव्हज उतरवायला गेले तेव्हा दिसलं की उजव्या हाताचा ग्लोव्ह मधल्या बोटाशी फाटलेला होता. कधी फाटला ते कळलं नव्हतं. मी तो कचऱ्याच्या पिशवीत टाकला. तिसरी बाई त्या दिवशी आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आपा आल्या. हातात लग्नाच्या मिठाईचा डबा होता, तो खाली ठेवायच्या आधीच त्यांनी पिंपाकडे बघितलं. मग रजिस्टर बघितलं. मग मला हाक मारली.

"दोन बाळंतपणं झाली आणि पाणी एकाचंच गेलं."

मी म्हणाले, दुसऱ्याला बाहेरून बादली आणली होती. इतकं सहज म्हणाले की मलाच नवल वाटलं. आपांनी मावशीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथंच उघडं पडलं असतं. त्यांनी फक्त थर्मामीटर घेतलं आणि त्या मुलीच्या खाटेकडे गेल्या. दर चार तासांनी त्या तिचा ताप स्वतः बघत होत्या, ड्युटी संपली तरी.

तिसऱ्या दिवशी सासूनं घरी न्यायचा धोशा लावला. घरी जनावरं होती, बघायला कुणी नव्हतं, आणि सुनेला सगळं ठीकच दिसत होतं. आपा डॉक्टरांना म्हणाल्या, अजून दोन दिवस ठेवू या. डॉक्टरांनी विचारलं, "काही कारण आहे का?" आपांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हातातला चार्ट वाचत म्हणाले, टेम्परेचर नॉर्मल आहे, सर. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला.

चौथ्या दिवशी जीपमध्ये घालून तिला परत आणलं. अंग भाजत होतं, दात वाजत होते, पोटाला हात लावू देत नव्हती. आपांनी सलाईन लावलं, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, एकशेआठ बोलावली आणि तिला साताऱ्याला पाठवलं. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी कपड्यांच्या खोलीत गेले. आपा मागून आल्या. तिथं मी त्यांना सगळं सांगितलं. सॅनिटायझर, फडकं, फाटलेला ग्लोव्ह, खोटी सही, खोटी बादली.

त्या एका खोक्यावर बसल्या. म्हणाल्या, "हे त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तिला सोडलं नसतं. दाराला आडवी झोपले असते."

मी विचारलं, "माझ्यामुळंच झालं का, आपा?"

"तुझ्या हातानंच झालं असं कुणी सांगू शकणार नाही. झालं नाही, असंही कुणी सांगू शकणार नाही. आता हे घेऊनच काम करायचं."

ती मुलगी वाचली. पण इन्फेक्शन पोटात पसरलं होतं, आणि जीव वाचवायला तिची पिशवी काढावी लागली. बाविसाव्या वर्षी.

मी डॉक्टरांना लिहून दिलं. चौकशी झाली. चौकशीला आलेले गृहस्थ मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले की घरच्यांची तक्रार नाही, हा कागद मागे घेतलात तरी चालेल, पाणीटंचाई हे कारण पुरेसं आहे. मी आपांकडे गेले. वाटलं होतं, त्या काही सांगतील. त्यांनी मला त्यांचा स्वतःचा कागद वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं की टँकर येत नाही हे ठाऊक असताना दोन रेघा पाण्यावर लेबर रूम सोडून मी रजेवर गेले, याची जबाबदारी माझी आहे. मी माझा कागद मागे घेतला नाही. आम्हा दोघींना ताकीद मिळाली, आणि पुढं माझी सांगलीकडे बदली झाली. टँकर न पाठवणाऱ्याला काही झाल्याचं ऐकिवात नाही.

आपा त्याच दवाखान्यातून निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. भाषणं करणाऱ्यांनी साहेबांच्या साबणाची गोष्ट सांगितली, लोक हसले, आपा मान खाली घालून बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्या गेल्या, घरीच, थोड्याशा आजारानं. मी आता स्वतः इन्चार्ज आहे. माझ्या हाताखालच्या मुली मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्यांना मी आपांच्या पुष्कळ गोष्टी सांगते. पण भाद्रपदातला तो एक दिवस आजपर्यंत कुणाला सांगितला नव्हता.

बदलीची ऑर्डर आली होती, मी सामान बांधत होते. आपा खोलीवर आल्या आणि म्हणाल्या, "तिला माहीत आहे का?"

मी म्हणाले, कुणाला.

"जिचं गेलं तिला."

चौकशीवाल्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन झालं एवढंच सांगितलं होतं. आपा म्हणाल्या, उद्या सकाळच्या एसटीनं जायचं. मी येते बरोबर. बोलायचं मात्र तू.

एसटी फाट्यावर सोडते, तिथून दोन-अडीच किलोमीटर चालत. आपा पुढे, मी मागे. घर पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण. सासू दारात बसून बाजरी पाखडत होती. तिनं आम्हाला ओळखलं, 'या' म्हणाली, पण हातातलं सूप खाली ठेवलं नाही. सून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या कडेला, मुलीला मांडीवर घेऊन भुईवर बसली होती. चार महिन्यांत निम्मी झाली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. तिला कळेल असं सांगायचं मी रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. पाणी एकाच बाळंतपणाचं उरलं होतं, ते मी राखून ठेवलं, तुझ्या वेळी हात धुतले नाहीत, माझा हातमोजा फाटला होता, आणि आपा तुला ठेवून घ्या म्हणत असताना मी खोटं बोलले. ताप त्यातून आलेला असू शकतो. असं सांगितलं.

ती ऐकत होती. मुलीच्या अंगावरचं पांघरूण तिनं नीट केलं. मग विचारलं, "म्हंजे माझ्या अंगात काय वंगाळ नव्हतं?"

"नव्हतं."

"घरी गेल्यावर दही खाल्लं, त्येनं न्हाई झालं?"

"नाही. दह्यानं हे होत नाही."

"आन् हिच्यामुळं?" तिनं मुलीकडे बघितलं. "सगळी म्हंत्यात, पांढऱ्या पायाची हाय. आली आन् आयची कूस घिऊन गेली."

मी मान हलवली, नाही म्हणून.

ती म्हणाली, "सिस्टरबाई, ह्येच आत्याबाईंना सांगा. हितं, माझ्या म्होरं."

मी उठून दारात गेले आणि सासूपुढे बसून तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. सासूचं सूप थांबलं. सून मागून आली, तिनं फोन लावला होता. "त्यास्नी बी सांगा," म्हणाली. पडद्यावर गणवेशातला एक तरुण माणूस, मागे तंबूचं कापड हलत होतं. त्यालाही सांगितलं. आवाज मधेमधे तुटत होता, काही वाक्यं दोनदा सांगावी लागली. तो सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, मला ह्यातलं काय कळत न्हाई. तिला फोन द्या." ती फोन घेऊन लांब जाऊन उभी राहिली.

परत आली तेव्हा मी हात जोडले. ती म्हणाली, "हात जोडू नगा. सांगितलंत, त्येवढं बास झालं." आणि पुन्हा भिंतीच्या कडेला, होती तिथं जाऊन बसली.

सासू उठली. आतून एक पोतं घेऊन आली, घडी घालून सुनेजवळ टाकलं. "भुईवर बसू नगं, कंबर धरंल," म्हणाली. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "तुमी आता जावा."

आम्ही फाट्यावर येऊन थांबलो. एसटीला वेळ होता. तिथं एक मोडकी शेड होती, तिच्या सावलीत आपा उभ्या राहिल्या. मला बराच वेळ रडू येत होतं, त्यांनी ते येऊ दिलं. ते थांबल्यावर मी विचारलं की इतक्या वर्षांत, इतक्या दवाखान्यांत, त्यांना कधी असं कुणाच्या दारात जाऊन सांगावं लागलं होतं का.

त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"सांगायला पाहिजे होतं एकदा," त्या म्हणाल्या. "मी गेले नाही. म्हणून तुला घेऊन आले."

लांबून एसटी येताना दिसली. आपांनी हात दाखवला.